शटर ओढण्यापूर्वीची दहा मिनिटं

छोट्या व्यावसायिकांना जे सल्ले दिले जातात, त्यांत पहाटे उठण्याचा सल्ला हमखास असतो. पाठोपाठ कामांची यादी, मोबाइल लांब ठेवणं, ध्यान वगैरे येतं. यातलं काहीच वाईट नाही. पण ज्याचं किराणा दुकान सकाळी सातला उघडतं आणि रात्री दहाला वाढतं, त्याला आणखी लवकर उठायला सांगून काय साधणार? त्याचे कष्ट कमी पडत नाहीत, लक्ष कमी पडतं. माल उतरवून घेणं, समोरचं गिऱ्हाईक, कंपनीचा सेल्समन, विजेचं बिल, मुलांची फी असं सगळं एकाच डोक्यात चाललेलं असतं आणि त्या गर्दीत पैसा नेमका कुठे गळतो हे बघायचं राहून जातं. दुकानदाराने एकच सवय लावून घ्यायची ठरवली, तर ती रात्री गल्ला मोजून दिवस कागदावर उतरवण्याची असावी, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष नसल्याचा तोटा किती असू शकतो, हे केनियातल्या छोट्या दुकानांच्या एका अभ्यासातून चांगलं कळतं. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा विषय होता सुट्टे पैसे. गिऱ्हाईक मोठी नोट काढतं, गल्ल्यात मोड नसते, मालक शेजारच्या दुकानात धावतो, नाहीतर गिऱ्हाईकच निघून जातं. एवढ्या एका कारणाने दुकानांचा पाच ते आठ टक्के नफा बुडत होता, असा संशोधकांचा अंदाज आहे. उपाय म्हणून त्यांनी भांडवल पुरवलं नाही की यंत्र दिलं नाही. दर आठवड्याला जाऊन ते विचारत राहिले, की सुट्टे किती वेळा संपले आणि त्यापायी किती गिऱ्हाइकं गेली. त्या विचारण्यानेच दुकानदार जास्त मोड ठेवू लागले आणि बुडणारी विक्री कमी झाली. सुट्ट्यांचा त्रास त्यांना रोजच होत होता, पण त्याची बेरीज कुणी केलेली नव्हती. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुट्ट्यांची तक्रार बरीच कमी झाली. मात्र ‘हे नाही हो आपल्याकडे’ असं सांगून दिवसातून किती गिऱ्हाइकं परत पाठवली, याची बेरीज आजही फारशी कुणी करत नाही.

रात्रीचा हिशेब म्हणजे काय, ते एका काल्पनिक पण रोजच्या उदाहरणाने पाहू. किराणा दुकानात प्रत्येक वस्तूचं बिल फाडलं जात नाही, म्हणून रोख विक्री मागच्या दाराने काढावी लागते. सकाळी गल्ल्यात दीड हजार ठेवले होते. रात्री मोजले तेव्हा ६,१८० निघाले, म्हणजे ४,६८० वाढले. दिवसभरात दूधवाल्याला २,४००, पाववाल्याला २००, हमालीचे १५० आणि घरी भाजी-औषधाला ६०० दिले होते. ते ३,३५० मिळवले की आलेली रोकड ८,०३० होते. त्यातले ८५० जुन्या उधारीचे, म्हणून आजची रोख विक्री ७,१८०. त्यात यूपीआयची रक्कम आणि आज दिलेली उधारी मिळवली की दिवसाची पूर्ण विक्री कळते. आता समजा घरी दिलेले ६०० लिहायचे राहिले. विक्री तेवढीच कमी दिसेल आणि आठवड्याभराने मालक म्हणेल, धंदा बसला. मालावर शेकडा दहा रुपये सुटत असतील, तर ते ६०० सुटायला सहा हजारांचा माल विकावा लागतो. गल्ल्यातून सहज उचललेल्या नोटांची ही खरी किंमत आहे, आणि ती लिहिल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

घर आणि दुकान यांचे पैसे एकात एक मिसळणं, हीच बहुतेक छोट्या धंद्यांची अडचण असते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अडोपेम बँकेच्या हजारावर कर्जदार व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. तोही २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना फक्त साधे नियम दिले: धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्यात, आणि एकातून दुसऱ्यात काही घेतलं तर चिठ्ठी टाकायची. रीतसर अभ्यासक्रमाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. खण आणि चिठ्ठीवाल्यांच्या नोंदी मात्र सुधारल्या. शिकवलेलं किती होतं यापेक्षा दिवसभर दमलेल्या माणसाला त्यातलं रात्री किती जमेल, याला महत्त्व आहे. दुकानदारांसाठी शिबिरं भरवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

अशा नोंदींचं बळ मोठ्या कारखान्यांतही दिसलं आहे, आणि तेही आपल्या उंबऱ्याशी. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि त्याच्या उत्तरेला गुजरातमधलं उंबरगाव, इथल्या कापड गिरण्यांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या गिरण्या घरच्या मालकीच्या होत्या, सरासरी पावणेतीनशेच्या आसपास कामगारांच्या. सल्लागारांनी तिथे ३८ पद्धती रुजवण्याचा प्रयत्न केला. कापडातल्या दोषांची रोज नोंद, मशीन का बंद पडलं याची नोंद, गोदामातल्या सुताची मांडणी आणि मोजणी, आणि त्या आकड्यांवर माणसांनी रोज एकत्र बसून बोलणं, असं त्यांचं स्वरूप होतं. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. इतक्या साध्या गोष्टी मालकांनी आधी का केल्या नव्हत्या? काही पद्धती त्यांना ठाऊकच नव्हत्या आणि बाकीच्यांनी फरक पडेल असं वाटत नव्हतं. नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा साधारण निम्म्या पद्धती सुटलेल्या होत्या. व्यवस्थापक बदलला आणि मालकाला वेळ मिळेना, ही त्याची वारंवार सांगितली गेलेली कारणं. तरीही या गिरण्या इतरांपेक्षा पुष्कळ पुढे होत्या.

यावर पहिला आक्षेप जाणकारच घेतील: जो मुळात हुशार, तोच वही ठेवतो; मग नफा वहीमुळे की हुशारीमुळे? प्रश्न रास्त आहे. नुसती पाहणी करून त्याचं उत्तर मिळत नाही. पण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आणि तारापूर-उंबरगावात कुणाला शिकवायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. हुशार मंडळी एकाच बाजूला गोळा होण्याची शक्यता त्यामुळे फार कमी राहते.

दुसरा आक्षेप दुकानातूनच येईल: सगळं डोक्यात आहे, आणि आता तर मोबाइलमध्येही आहे. डोक्यात उधारी राहते, हे मान्य. दहा गिऱ्हाइकांची राहील, पन्नासांची राहणार नाही, आणि मालक आजारी पडला तर मुलाला किंवा बायकोला त्यातलं काहीच वाचता येणार नाही. यूपीआयचा तपशील किती आले ते सांगतो, कशाचे आले ते सांगत नाही. शिवाय अनेकांचा क्यूआर कोड घरच्याच बचत खात्याला जोडलेला असतो, म्हणजे वर सांगितलेली मिसळ इथेही आलीच. दुकानाचं खातं वेगळं काढणं हे एकदाच करायचं काम आहे. तेवढं झालं की रोजचा निम्मा हिशेब आपोआप सुटतो.

करांची धास्ती हा तिसरा मुद्दा आहे, तो मोठ्याने बोलला जात नाही इतकंच. लिहिलं की अंगाशी येईल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वार्षिक उलाढाल दोन कोटींपर्यंत असलेल्या पात्र व्यापाऱ्याला, रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के उत्पन्न दाखवलं की रीतसर हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती आयकर कायदा करत नाही. म्हणजे छोट्या दुकानदाराची रात्रीची वही सरकारसाठी नाहीच, ती त्याची स्वतःची आहे.

दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या कंपन्या, वाढतं भाडं, शेजारी उघडलेला मॉल यांच्यापुढे वही काय करणार, असंही विचारलं जाईल. त्यांना ती थोपवू शकत नाही आणि तसा दावा करणं दुकानदाराची फसवणूक ठरेल. पण कोणता माल तीन महिने फळीवर धूळ खातोय आणि कोणता दर शनिवारी कमी पडतोय, हे ती दाखवते. जागा आणि भांडवल दोन्ही तुटपुंजं असताना त्याची मदत मोठी आहे.

सवय टिकत नाही ही अडचण मात्र खरी आहे. लंडनमधल्या ९६ जणांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा एका रात्री कंटाळा आला म्हणून वही कायमची मिटू नये. रोज न चुकता होणाऱ्या कामाला ती बांधून टाकावी: शटर अर्धं ओढलं की आधी गल्ला मोजायचा, मगच दिवे बंद.

उधारीच्या बाबतीत ही शिस्त कायद्याच्या पातळीवरही उपयोगी पडते. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतल्या नोंदी न्यायालय विचारात घेतं, पण केवळ त्यांच्या आधारावर कुणावर देणं लादता येत नाही. सोबत दुसरा पुरावा लागतो. विकलेल्या मालाची बाकी वसूल करण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही घालताना जुनी बाकी पुढे ओढली जातेच. त्याच आठवड्यात मोठ्या उधारीवाल्यांना बोलावून त्या आकड्याखाली त्यांची सही आणि तारीख घ्यावी.