बाहीची कड आणि राईचा पर्वत
10 मार्च 2024, ब्रिटनमधला मातृदिन. केन्सिंग्टन पॅलेसने युवराज्ञी केट आणि त्यांच्या तिन्ही मुलांचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात त्यांची लहानगी लेक शार्लट हिच्या बाहीची कड नीट जुळत नव्हती. एपी, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केट यांनी फेरफाराबद्दल माफी मागितली. जानेवारीतल्या शस्त्रक्रियेनंतर त्या सार्वजनिक कार्यक्रमांत दिसल्या नव्हत्या. तेवढ्यावरून सोशल मीडियावर अनोळखी लोक त्यांच्याबद्दल कहाण्या रचून हिरिरीने भांडत होते. 22 मार्चला केट यांनी कर्करोगावर उपचार सुरू असल्याचं सांगितलं. फोटो बदललेला होता, हे खरं. पण म्हणून रचलेल्या कहाण्या खऱ्या ठरत नाहीत. ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ यांची गल्लत झाली, की राईचा पर्वत होतो.