लिंबू-सोड्याने दात खरंच पांढरे होतात का?

आता लिंबू आणि खायच्या सोड्याकडे येऊ. हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केलेला असतो, आणि पहिल्या दिवशी दात उजळल्यासारखे वाटतातही. मग बिघडलं कुठे?

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 असतो. सोड्याने त्यातलं थोडं आम्ल मरतं, पण मोजून कोण घालतं? एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेलं कवच पुन्हा तयार होत नाही. खालचं डेंटिन मुळात पिवळसर. कवच पातळ झालं की तेच दिसू लागतं, वर गार पाण्याने कळा येतात त्या वेगळ्याच.

नुसता सोडा चहाचे वरवरचे डाग काढतो. आतला रंग बदलत नाही. कोळशाच्या भरड पुडीने कवच घासलं जातं. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. तिने व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मग करायचं काय? आधी दंतवैद्यांकडून दात साफ करून घेऊ. तरीही रंग खटकला, तर त्यांच्या देखरेखीखाली पेरॉक्साइडचं जेल वापरता येतं. आणि एक लक्षात ठेवू, किंचित पिवळसर दातही पूर्ण निरोगी असू शकतात.