लॅपटॉप हँग होतोय? रॅम स्वतः वाढवायची की कंपनीला पैसे द्यायचे, आधी हे तपासा

वसई : कॉलेजचे ऑनलाइन अर्ज, दुकानाचं बिलिंग, मुलांचे क्लास, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. चार-पाच वर्षांनी तो रडायला लागतो. मग कुणी म्हणतं नवीन घ्या, कुणी म्हणतं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. बऱ्याच वेळा या दोन्हींची गरज नसते. फक्त रॅम कमी पडत असते आणि ती घरी बदलता येते. पण सगळ्याच लॅपटॉपमध्ये नाही. पैसे वाचतात की वाया जातात, ते इथेच ठरतं.

आधी दुखणं ओळखा

नेहमीची सगळी कामं उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहावं. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी मोकळी आहे पण डिस्क १०० टक्के दाखवते, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे रॅमऐवजी एसएसडी टाकणं फायद्याचं.

स्लॉट आहे की चिप सोल्डर केलीय?

त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' असं लिहिलेलं असतं. फॉर्म फॅक्टरपुढे एसओडीआयएमएम असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, असंही असतं. खात्रीसाठी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल पाहावं. एचपी, डेल, लेनोव्हो यांची मॅन्युअल वेबसाइटवर फुकट मिळतात. जास्तीत जास्त किती रॅम चालते तेही त्यात असतं.

सोल्डर असेल तर निर्णय खरेदीच्या दिवशीच

ॲपलच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवताच येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या एम४ मॅकबुक एअरची ५१२ जीबी स्टोरेजवाली किंमत भारतात १६ जीबी रॅमला १,१९,९०० आणि २४ जीबीला १,३९,९०० रुपये होती. म्हणजे ८ जीबीसाठी २० हजार. विंडोजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपचंही तेच, रॅम नंतर वाढत नाही. असा लॅपटॉप घेताना आजची नाही, पुढच्या पाच वर्षांची गरज बघून रॅम घ्यावी. स्लॉटवाला लॅपटॉप असेल तर कमी रॅमचा घेऊन नंतर पट्टी टाकता येते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. त्यामुळे कंपनीचा दर आणि बाजारातला दर दोन्ही विचारूनच ठरवावं.

पट्टी घेताना

डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते. डेस्कटॉपची लांब पट्टीही लॅपटॉपला चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात सगळे प्रकार मिळतात, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. पण जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. बिल नसेल तर पट्टीची वॉरंटी सांगण्यापुरतीच.

बसवताना

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. स्क्रू लहान-मोठे असतात, कुठला कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवावं. रबरी पायांखाली लपलेले स्क्रूही बघावेत. झाकण निघालं की आधी बॅटरीची वायर सोडवावी. अंगातली स्थिर वीज चिप जाळू शकते, म्हणून पट्टीला हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी कडेला धरून तिरकी सरकवावी आणि दोन्ही क्लिप लागेपर्यंत खाली दाबावी. जोर लावू नये. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर घाबरायचं कारण नाही.

वॉरंटी आणि कारागीर

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी अटी वाचाव्यात. उघडताना झालेलं नुकसान कंपनी भरून देत नाही. हात धजत नसेल तर जवळच्या कारागिराकडून समोर बसून काम करून घ्यावं. आधीची रॅम किती होती ते लिहून ठेवावं आणि जुनी पट्टी परत मागावी. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

जुन्यावर किती खर्च करायचा?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी रॅम ४ जीबी पुरते, पण प्रोसेसरही त्या लायक लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या लॅपटॉपवर रॅमसाठी मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा. प्रोसेसर चालण्यासारखा असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर नवीन लॅपटॉपचे पैसे घरातच राहू शकतात.