तळ्याचे पोट

पावसाळा सरून आश्विन लागला म्हणजे तेलंगणातील बोथच्या पठारावर तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी-गुलाबी फुले थरावर थर रचून केलेली बतुकम्मा डोक्यावर घेऊन बायका तळ्याकडे निघतात, तेलुगू शेजारणींच्या फेरात मराठी घरच्या लेकीसुनाही मिसळतात, आणि दिवेलागणीला ती फुलांची रास पाण्यावर सोडली जाते. ज्या पाण्याला वर्षानुवर्षे हा मान मिळत आला, ते मुळात तेथे आले कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आणि विचारलाच तर ‘देवाने दिले’ एवढ्या उत्तरावर समाधान मानतो. त्या उत्तरातील श्रद्धा आदरणीय आहे. परंतु तिच्या आडोशाने वाढलेले काही गैरसमज आज तळ्यांच्याच मुळावर आले असल्याने त्यांचे निरसन करणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : आपल्याकडील तळी निसर्गानेच निर्माण केली आहेत.

वस्तुस्थिती : फिनलंडसारख्या देशात सुमारे १,८८,००० सरोवरे आहेत, याचे कारण तेथील भूमीचा इतिहास निराळा आहे. प्रचंड हिमनद्यांनी ती भूमी खरवडली, जागोजागी खोलगट केली, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटले तेव्हा ते खळगे पाण्याने भरले. दख्खनच्या पठारावर हिमनद्या कधी फिरल्या नाहीत. येथे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून काळा पाषाण झाला, आणि तो नद्यांनी युगानुयुगे कापून काढला. त्यामुळे पडलेले पाणी उताराने गोदावरीकडे निघून जाते, थांबत नाही. बोथजवळचा पोचेरा किंवा कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतला धबधबा, यांच्या पायथ्याशी दिसणारे खोल पाणी हे नदीचे डोह आहेत, तळी नव्हेत. दख्खनमधील ठळक अपवाद बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा. तेथेही अशनीच्या आघाताने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले तेव्हाच सरोवराला जागा मिळाली, आणि त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. आपले तळे मनुष्यकृत आहे की नाही, हे पाहण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. पाणी ओसरल्यावर काठाकाठाने चालत जावे : जिकडून ओढा येतो तिकडे तळ उथळ होत शेतात मिसळतो, आणि सर्वांत खोल पाणी मध्यभागी नसून पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी असते. ज्या कोणी दोन टेकाडांमधील ओढा अडवला, त्याची ही सही आहे.

गैरसमज २ : युरोपातील सरोवरे नैसर्गिक म्हणून अस्सल, आणि आपली बांधलेली म्हणून हलकी.

वस्तुस्थिती : इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील ‘ब्रॉड्स’ नावाची विस्तीर्ण जलाशयमाला दीर्घकाळ निसर्गनिर्मित समजली जात होती, परंतु १९५० नंतरच्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने तळाच्या मातीचे नमुने काढून दाखवून दिले की, मध्ययुगात जळणासाठी पीट नावाची दलदलीतील माती खणून नेल्याने ते खड्डे पडले आणि पुढे पाण्याखाली गेले. नेदरलँड्समधील आयसेलमेर हे तर पूर्वी समुद्राचे आखात होते. १९३२ मध्ये सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाल्यावर ते समुद्रापासून तुटले आणि कालांतराने गोडे झाले. सरोवरांचे माहेरघर अशा फिनलंडनेही आपल्या उत्तर भागात १९६७ मध्ये लोक्का हा कृत्रिम जलाशय निर्माण केला. उलट आपल्याकडे वरंगळजवळील पाखाल तलाव काकतीयांच्या अमदानीत, तेराव्या शतकात बांधला गेला आणि हैदराबादचा हुसेनसागर कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात. मातीच्या पाळीने शतकानुशतके पाणी धरून ठेवावे, ही विद्या ज्या प्रदेशाच्या अंगवळणी पडली, त्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

गैरसमज ३ : उन्हाळ्यात आटलेले तळे मेले, ती जमीन पडीक समजावी.

वस्तुस्थिती : याचे उत्तर जुन्या महसुली शब्दांतच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचे किनवट मुंबई राज्यात गेले आणि बोथ तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले, तरी निजामी महसुलाची भाषा या मुलखातून गेली नाही. पावसावरची जमीन खुष्की, तळ्याच्या पाण्यावर भिजणारी ती तरी, आणि तळ्याच्या बुडातली ती शिकम. शिकम हा फारसी शब्द आहे आणि त्याचा अर्थ पोट. वैशाखात भेगाळलेल्या त्या काळ्या मातीत गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे झालेले असतात आणि मधे एखादे डबके तेवढे चकाकत असते. तरीही ती जागा पडीक नसते, ते रिकामे पोट असते, आणि मृगाच्या सरींनी ते भरायचे असते. भरले म्हणजे केवळ खालची भातखाचरे भिजतात असे नाही. तेच पाणी जमिनीत मुरत राहते आणि आसपासच्या विहिरींना आधार देते. त्या पोटात नांगर, घर किंवा भराव घातला की पाण्याची जागा कायमची उणी होते, आणि तेवढे पाणी पुढच्या मोठ्या पावसात दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात शिरते.

गैरसमज ४ : तळे जितके खोल खणावे तितके उत्तम.

वस्तुस्थिती : गाळ काढणे हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही, तेलंगणात २०१५ मध्ये ‘मिशन काकतीय’ने आणि महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने हेच काम हाती घेतले. परंतु त्यालाही मर्यादा आहे. मोरीच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, उंबरठ्याखाली जे पाणी साठते ते आपोआप शेताकडे वाहत नाही. तो मृतसाठा होय. शिवाय तळाशी बसलेला चिकण मातीचा थर फोडून खाली मुरूम उघडा केला, तर साठलेले पाणी वेगाने झिरपून जाते. काढलेला गाळही हलक्या, मुरमाड शेतात पसरावा. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीस त्याचा तितका उपयोग नाही.

गैरसमज ५ : मोठी धरणे झाली, आता लहान तळ्यांचे प्रयोजन उरले नाही.

वस्तुस्थिती : कडेमचे धरण कुंतल्याच्या बरेच खाली आहे, म्हणजे बोथच्या बाजूचे पाणी कड्यावरून उडी घेऊन गेल्यानंतर तेथे पोचते, कालव्याने आपण होऊन ते परत वर चढणार नाही. पठारावर पडलेले पाणी पठारावरच अडवावयाचे असेल, तर गावतळ्यावाचून सोपा उपाय नाही. आणि मोठे धरणदेखील मनुष्याच्याच हातचे असते : ऑगस्ट १९५८ मध्ये कडेमला महापूर आला, पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले आणि मातीचा भराव फुटला. बांध लहान असो वा मोठा, पाणी त्याच्या माथ्यावरून कधीही जाता कामा नये. जास्तीचे पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा जेवढा मोकळा, तेवढा बांध निर्धास्त.

पूर्वी पाणी सोडण्याचे आणि मोरी राखण्याचे काम गावच्या नीरडीकडे असे. तो मानकरी आज राहिला नसेल, तर त्याचे काम गावाने आपसांत वाटून घेतले पाहिजे : ज्येष्ठ लागण्यापूर्वी पाळीवरची उंदरांची बिळे बुजवावीत, भरावात मुळे घालणारी झाडे वेळीच काढावीत, सांडव्यातले झुडूप तोडावे, आणि पहाणीपत्रकात शिकम म्हणून नोंदलेल्या जमिनीच्या हद्दी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहाव्यात. पाऊस देव देतो. पण त्याला थांबावयास जागा आपल्या पूर्वजांनी दिली. आश्विनात बतुकम्मा सोडताना त्या पाण्याला आपण हात जोडतो. त्याआधी वैशाखात एक दिवस कुदळ घेऊन पाळीवर जाणे, हाही त्याच पूजेचा विधी आहे.