मेंदूची दुसरी इजा

डोक्यास जबर मार लागला म्हणजे मेंदूचें जें नुकसान व्हावयाचें तें त्याच क्षणीं होऊन चुकतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः मेंदूला इजा दोनदां होते. पहिली आघाताची, दुसरी, त्यामागून सुरू होणाऱ्या रासायनिक उत्पाताची.

ग्लुटामेट हें मेंदूंतील निरोप पोंचविणारें द्रव्य होय. एक मज्जापेशी तें अल्प प्रमाणांत सोडते, शेजारच्या पेशीवरील ग्राही-स्थानें तें झेलतात, आणि लागलीच तें परत शोषलें जातें. स्मरण आणि शिक्षण याच देवघेवीवर चालतें. आघातानें पेशी फाटल्या कीं हें द्रव्य एकदम सांडतें. ग्राही-स्थानांचीं दारें उघडीं राहून कॅल्शियम आंत लोटतें, आणि आघातांतून वांचलेल्या पेशीही मरूं लागतात. ग्लुटामेटच्या अतिरेकानें उंदरांच्या मेंदूंतील पेशी मरतात, हें जॉन ओल्नी यांनीं १९६९ सालीं दाखविलें होतें.

मग हीं दारेंच बंद करणारें औषध कां देऊं नये? प्राण्यांवर तशीं औषधें लागू पडलीं. माणसांवर मात्र सेल्फोटेल हें औषध फुकट गेलें. ४९९ रुग्णांवर केलेल्या मॅग्नेशियमच्या प्रयोगांतही लाभ दिसला नाहीं, असें २००७ सालीं जाहीर झालें. याचा एक उलगडा २००४ सालच्या उंदरांवरील प्रयोगांत सांपडतो. ग्राही-स्थानांचा अतिरेक तासाभरांतच ओसरतो, आणि पुढें निदान आठवडाभर तीं उलट मंदावलेलीं असतात. उशिरा दिलेलें औषध म्हणजे पूर ओसरल्यावर घातलेला बांध. शिवाय सुधारणेस लागणारें पाणीही तो अडवितो.

खानदेशांत या तासाचें मोल विशेष आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. दुसरा पुढें पारोळा, एरंडोल, जळगांव असा जातो. केळींनीं भरलेले ट्रक आणि शेतावरून परतणाऱ्या मोटारसायकली यांची वाट एकच. धुळ्यास १९८८ पासून आणि जळगांवास २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे खरें. पण आडरस्त्यावरील जखमी तेथें पोंचेतों तो तास बहुधा सरलेला असतो.

तेव्हां दुसऱ्या इजेवर खात्रीचें औषध नसतां उरते ती दक्षता. हेल्मेट पहिलीच इजा सौम्य करतें. श्वास मोकळा ठेवणें, रक्तस्राव थांबविणें आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनाविलंब बोलावणें, यांनीं दुसरीस आळा बसतो. कारण प्राणवायू आणि रक्तदाब घटला तर ती अधिक बळावते. जखमीस सद्‌भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत संरक्षण मिळालें आहे. त्यामुळें पोलिसांच्या धास्तीनें दूर उभें राहण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं.