अंतराळातून सुखरूप घरी

आमच्या इंद्रवेल्ली-उटनूर भागात साठी ओलांडलेल्या कुणालाही 'स्कायलॅब' हा शब्द ऐकवून पाहा, लगेच गोष्ट सुरू होते. कुणी सांगतं, लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाऊन टाकल्या. उद्या आपणच नसलो तर त्या राखून काय करायच्या? कुणी सांगतं, आजीने सगळ्या लेकी-सुनांना एका घरात गोळा केलं होतं. १९७९ च्या जुलै महिन्यातली ही गोष्ट. अमेरिकेचं सुमारे ७५ टनांचं रिकामं अंतराळ स्थानक खाली येत होतं आणि ते नेमकं कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी ११ जुलैला ते हिंदी महासागरावर फुटलं, काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तेलंगणातल्या एका गावाच्या त्या भीतीवर २०२१ मध्ये 'स्कायलॅब' नावाचा तेलुगू चित्रपटही निघाला.

आपल्या पिढीची गोष्ट याहून ताजी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग सरकताना हजारो लोकांनी पाहिली. मोबाईलवर ते व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिले असतील. थोड्याच वेळात आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ सुमारे दहा फुटांची धातूची रिंग येऊन पडली. परिसरात एक गोळाही सापडला. हा चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा, वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिलेला भाग असावा, असं मत खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडलं.

आता गंमत पाहा. ज्या स्कायलॅबने आपल्या आजी-आजोबांची झोप उडवली, त्याच स्कायलॅबवर १९७३-७४ मध्ये तीन तुकड्यांनी मुक्काम केला होता. ते नऊही जण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या समुद्रात सुखरूप उतरले. म्हणजे उंची तीच, वेग तोच, पृथ्वीची ओढही तीच. स्थानक कोसळलं, माणसं मात्र घरी आली. हा फरक कशाने पडतो, तेच या लेखात पाहू.

ब्रेक कसा लावायचा?

१५ जुलै २०२५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचं 'ग्रेस' नावाचं ड्रॅगन यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते थेट पाहिलं. १९८४ मध्ये सॅल्युत-७ वर जाऊन आलेल्या राकेश शर्मांनंतर अंतराळात जाऊन परतलेले ते दुसरेच भारतीय नागरिक, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिलेले पहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेपाचला यान स्थानकापासून सुटलं होतं. म्हणजे परतीचा प्रवास सुमारे साडेबावीस तासांचा.

माझ्या भाचीने तेव्हा विचारलं, "मामा, तिथे ना रस्ता, ना हवा. मग ब्रेक लावतात कशाला?" प्रश्न अगदी नेमका होता.

स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरतं. या वेगाने हैदराबाद ते आदिलाबाद हे अंतर चाळीस सेकंदांत संपेल. हा सगळा वेग इंजिनाने मारायचा म्हटलं, तर वर जाताना लागलं त्याच्या जवळपास इंधन परत न्यावं लागेल. ते शक्य नाही. म्हणून युक्ती अशी, की यान उलटं फिरवून काही मिनिटं इंजिन चालवायचं आणि वेग ताशी जेमतेम चार-पाचशे किलोमीटरने कमी करायचा. एवढ्यानेच यानाची वाट वाकते आणि ते वातावरणात शिरतं. उरलेला प्रचंड वेग हवा मारते. आपली हवा हाच खरा ब्रेक.

पण हा ब्रेक तापतो. अनेकांना वाटतं की हवेच्या घर्षणाने यान तापतं. खरं तर यान इतक्या वेगाने येतं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तोच प्रकार, फक्त हजारो पटींनी. ड्रॅगनच्या बाहेर तापमान १,९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तळाशी बसवलेलं उष्णतारोधक कवच थोडं थोडं जळत जातं आणि जळताना उष्णता बाहेर टाकतं, म्हणून आत माणसं बसू शकतात. याच वेळी यानाभोवती तापलेल्या वायूचं आवरण तयार होतं आणि काही मिनिटं रेडिओ बंद पडतो. नियंत्रण कक्षातले लोक तेव्हा फक्त वाट पाहतात.

साडेपाच किलोमीटर उंचीवर दोन छोटे पॅराशूट उघडतात, तेव्हा वेग ताशी साडेपाचशेच्या आसपास असतो. दोन किलोमीटरच्या थोडं खाली चार मोठे पॅराशूट उघडतात. पाण्याला यान टेकतं तेव्हा वेग असतो ताशी सुमारे २५ किलोमीटर, गल्लीतल्या स्कूटरएवढा.

कोन चुकला तर

वातावरणात शिरण्याचा कोनही काटेकोर लागतो. वाट जास्त उभी झाली तर शरीरावर येणारा भार असह्य होतो, जास्त आडवी झाली तर यान ठरलेल्या जागेपासून कुठच्या कुठे जातं.

शुक्लांच्या मोहिमेच्या कमांडर पेगी व्हिटसन यांनी हे अंगावर घेतलेलं आहे. एप्रिल २००८ मध्ये त्या सोयूझ यानाने स्थानकावरून परतत होत्या. यानाचा एक भाग वेळेवर नीट सुटला नाही आणि यान उभ्या वाटेने खाली आलं. आतल्या तिघांना आपल्या वजनाच्या सुमारे आठपट भार सोसावा लागला आणि ते ठरलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे, कझाकस्तानच्या माळरानावर उतरले. तिघेही वाचले. त्याच व्हिटसन सतरा वर्षांनी शुक्लांच्या शेजारी बसून परत आल्या.

सगळेच इतके नशीबवान नव्हते. जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर, सॅल्युत-१ वर राहिलेली पहिली तुकडी म्हणजे दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव. ३० जून १९७१ रोजी त्यांचं सोयूझ-११ ठरल्याप्रमाणे, पॅराशूटने अलगद उतरलं. बचाव पथकाने दार उघडलं तेव्हा तिघेही मृत होते. वरच, यानाचे भाग सुटताना हवेची एक झडप उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती. जागा अपुरी म्हणून त्यांनी दाबाचे पोशाख घातले नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये तिघांऐवजी दोघांनाच बसवू लागले, पोशाख सक्तीचे झाले, आणि तिसरी जागा परत मिळायला नवं यान तयार व्हावं लागलं. आज परतीच्या वेळी प्रत्येक अंतराळवीर जो जाडजूड पोशाख घालून बसतो, त्याच्यामागे ही तीन माणसं आहेत.

शंका घेणारा माणूस

आता कल्पना चावला. कोलंबियाची ती फेरी स्थानकाकडे गेली नव्हती, पण परतीबद्दल बोलताना ती टाळता येत नाही. १ फेब्रुवारी २००३ ची संध्याकाळ आपल्यापैकी पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. जमिनीवर उतरायला अवघी सोळा मिनिटं उरली असताना यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. सातही जण गेले.

कारण मात्र त्या दिवशी घडलं नव्हतं. १६ जानेवारीला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. काही अभियंत्यांना शंका आली. उपग्रहांकडून पंखाचे फोटो काढून घ्या, अशी मागणी त्यांनी केली. वरिष्ठांनी ती पुढे जाऊ दिली नाही. चौकशी मंडळाने नंतर स्पष्ट लिहिलं, की या अपघाताला फोमइतकीच नासाची कार्यपद्धती आणि तिथलं वातावरणही जबाबदार होतं.

आता २०२४ पाहा. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जूनला बोईंगच्या स्टारलायनरमधून निघाले. आठवडाभराचं काम. पण वाटेत हेलियमची गळती निघाली, दिशा सांभाळणारे पाच छोटे थ्रस्टर बंद पडले. त्यातले चार पुन्हा चालू झाले. बोईंगचं म्हणणं होतं, यान सुरक्षित आहे. नासाच्या काही अभियंत्यांची खात्री पटत नव्हती. जमिनीवर चाचण्या झाल्या, आठवडे गेले, जगभर थट्टा झाली. २४ ऑगस्टला नासाने निर्णय जाहीर केला: स्टारलायनर रिकामं येईल, माणसं थांबतील. तेव्हाचे नासाप्रमुख बिल नेल्सन यांनी त्या वेळी जुन्या शटल अपघातांची आठवणही काढली.

सप्टेंबरमध्ये रिकामं स्टारलायनर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्यवस्थित उतरलं. लगेच लोक म्हणाले, "बघा, उगाच थांबवलं!" मला हे पटत नाही. निर्णय घेताना हातात काय माहिती होती, यावर तो निर्णय तपासायचा असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती चढवण्याआधी, बिघडलं तर मागे कसं यायचं याचा बेत ठरवून ठेवतो. चुकलंच तर रात्र जागून सावरतो. वातावरणात शिरणाऱ्या यानाला तशी सवलत नाही. तिथे मागे फिरण्याची शेवटची जागा म्हणजे निघण्याआधीची बैठक. त्या बैठकीत "मला अजून खात्री नाही" म्हणणाऱ्याचं ऐकून घेतलं गेलं, एवढाच २००३ आणि २०२४ मधला फरक. १९ मार्च २०२५ च्या पहाटे, आपल्याकडे साडेतीन वाजत असताना, फ्लोरिडाजवळच्या समुद्रात ड्रॅगन उतरलं. २८६ दिवसांनी सुनीता आणि बुच घरी आले. यानाभोवती डॉल्फिन पोहत होते, ते दृश्य कोण विसरेल?

घरी आल्यावर

यान पाण्यावर टेकलं की परतणं संपतं असं नाही. वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते, स्नायू झिजतात. म्हणून स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम असतो. शरीरातलं पाणी वरच्या भागाकडे सरकलेलं असतं, ते परतल्यावर पायांकडे उतरतं आणि उभं राहताच चक्कर येते. त्यासाठी निघण्याआधी अंतराळवीर मीठ आणि भरपूर पाणी घेतात. त्यांना स्ट्रेचरवरून नेताना पाहून घाबरून जाऊ नका, ती ठरलेली काळजी आहे.

शुक्लांनी परतल्यावर सांगितलेला किस्सा मुलांना जरूर सांगा. फोन हातात घेतला तर तो जड वाटला. आणि लॅपटॉप त्यांनी पलंगाच्या बाजूला सहज हवेत सोडला, तो तरंगेल असं समजून! खाली गालिचा होता म्हणून वाचला.

आता आपली पाळी

गगनयानाची चर्चा निघाली की आपण रॉकेटबद्दल बोलतो. इस्रोने मात्र परतीचा अभ्यास फार आधीपासून सुरू केला आहे. जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही ५५० किलोची कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरातून परत मिळवली. डिसेंबर २०१४ मध्ये माणसांच्या कुपीचा नमुना १२६ किलोमीटर उंचीवरून खाली आणला. २१ ऑक्टोबर २०२३ ला, उड्डाणात बिघाड झाला तर कुपी सुटून बाजूला कशी होईल, याची चाचणी झाली. त्या सकाळी उलटी गणती अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकाने थांबवली होती. अनेकांचा हिरमोड झाला. कारण शोधून, दुरुस्ती करून त्याच दिवशी दहा वाजता उड्डाण झालं. २४ ऑगस्ट २०२५ ला तर चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे पाच टनांची कुपी सोडून पॅराशूट तपासले.

या चाचण्या लांबल्या की "अजून किती वर्षं?" असं आपणच विचारतो. पुढच्या वेळी बातमी आली, की गगनयान पुन्हा पुढे ढकललं, तर नाक मुरडण्याआधी सोयूझ-११ आणि कोलंबिया आठवा. कुणीतरी तिथे "अजून खात्री नाही" म्हणालं असेल आणि त्याचं ऐकलं गेलं असेल. आपल्या घरातलं, आपल्या मंडळातलं एखादं मूल उद्या त्या खुर्चीवर बसलं, तर त्यालाही असं म्हणता आलं पाहिजे.

आणि हो, स्थानक बघायला दुर्बीण लागत नाही. आमच्या इंद्रवेल्लीसारख्या कमी उजेडाच्या गावात तर ते सुरेख दिसतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणारा एक तेजस्वी ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. वेळा नासाकडून कळतात. मुलांना गच्चीवर न्या, ठिपका दाखवा, आणि तिथे आत्ता माणसं आहेत हे सांगा. मग त्यांनाच विचारा, ती खाली कशी येत असतील?