समलिंगी, भिन्नलिंगी आणि मधली मोठी जागा : लैंगिक कल म्हणजे नेमकं काय?

मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून हजारो भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात. ते परतले की ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. डोक्यावर जग, कपाळाला भंडारा आणि हातात चौंडकं घेतलेले, साडी नेसलेले जोगते या शहराला नवे नाहीत. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि त्यांवर बेतलेला 'जोगवा' हा २००९ चा चित्रपट यांमुळे हे जग बाकीच्या महाराष्ट्रालाही कळलं.

पण या ओळखीतूनच एक घोटाळाही झाला आहे. पुरुषाला पुरुषाची ओढ वाटते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साडी, टिकली आणि बायकी चालणंच येतं. रोज पहाटे तालमीत जाणाऱ्या, मिशीला पीळ देणाऱ्या पोरालाही मुलगे आवडत असतील, हे कुणाच्या मनात येत नाही. पुष्कळदा त्या पोराच्याही नाही. 'मी काही तसा नाही' असं तो स्वतःला समजावतो, कारण 'तसा' या शब्दाचं एकच चित्र त्याने पाहिलेलं असतं.

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. 'मी कोण आहे?' हा पहिला. त्याचं उत्तर म्हणजे लिंगभाव. 'मला कुणाची ओढ वाटते?' हा दुसरा. त्याचं उत्तर म्हणजे लैंगिक कल. कायद्यानेही हे प्रश्न वेगवेगळे हाताळले. तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा आहे. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळणारा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. एका उत्तरावरून दुसरं ओळखता येत नाही. तृतीयपंथी व्यक्तीला पुरुष आवडू शकतात, स्त्रिया आवडू शकतात, दोन्ही किंवा कुणीही नाही.

आता हा दुसरा प्रश्नच घेऊ. त्यालाही 'हे किंवा ते' एवढीच दोन उत्तरं आहेत, असं बराच काळ मानलं गेलं. अमेरिकेतले आल्फ्रेड किन्सी हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. झाडांवर गाठी तयार करणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचे असंख्य नमुने गोळा करून त्यांच्यातले बारकावे मोजण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. पुढे त्याच चिकाटीने त्यांनी हजारो माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४८ साली एक मोजपट्टी मांडली. पूर्ण भिन्नलिंगी ओढ म्हणजे शून्य, पूर्ण समलिंगी ओढ म्हणजे सहा, आणि अधेमधे पाच पायऱ्या. त्यांच्या नमुना-निवडीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. त्यामुळे त्यांनी काढलेली टक्केवारी आज कुणी जशीच्या तशी घेत नाही. टिकली ती मधल्या पायऱ्यांची कल्पना.

पण एक आकडा तरी पुरेल का? फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९७८ साली हाच प्रश्न सात भागांत फोडला. आकर्षण कुणाचं वाटतं, प्रत्यक्ष संबंध कुणाशी आले, कल्पनेत कोण येतं, भावनिक जवळीक कुणाशी जुळते, वावर कुणात असतो, जगणं कुठल्या समूहात चालतं आणि स्वतःला आपण काय म्हणवतो. ही सातही उत्तरं एका ओळीत येतीलच असं नाही. आपल्या ओळखीतली, दोन मुलांची आई असलेली एखादी बाई नवऱ्याबरोबर समाधानात असू शकते, आणि हॉस्टेलमधल्या मैत्रिणीवर जडलेलं तिचं मन हेही तितकंच खरं असू शकतं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघंही घरातल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. चर्चा बहुतेक त्या भावाची होते. दोघांनाही जवळ करणारा तो भाडेकरू कुठल्या कप्प्यात बसतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

मराठीची इथे जरा पंचाईत होते. दोन्हींची ओढ असणाऱ्याला 'उभयलिंगी' म्हणावं, तर तो शब्द आपण शाळेत गांडुळाच्या धड्यात शिकलेलो असतो. कुणाचंच लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्याला 'अलैंगिक' म्हणावं, तर अमिबाचं प्रजनन आठवतं. 'उभयलैंगिक' हा त्यातल्या त्यात बरा शब्द. शब्द घडायला आधी मोकळेपणाने बोलणं व्हावं लागतं, आणि तेच आपल्याकडे महाग पडत आलं. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्व्यांना दंड झालाच.

मग लग्न केलं तर ठीक होईल का?

कलाला पायऱ्या आहेत म्हटल्यावर घरातून हा प्रश्न हमखास येतो. मधे एवढी जागा आहे, तर पोराने थोडं इकडे सरकायला काय हरकत आहे? पायऱ्या आहेत त्या माणसामाणसांतल्या फरकाच्या. रेडिओचं बटण फिरवावं तसा कल फिरवता येत नाही. काहींची ओढ आयुष्यात हळूहळू बदलते हे खरं, पण ती ठरवून, धाकाने किंवा औषधाने बदलत नाही. उभयलैंगिक बाईने पुरुषाशी लग्न केलं तरी ती उभयलैंगिकच राहते. आणि फक्त पुरुषांचीच ओढ असलेल्या मुलाचं लग्न लावून दिलं, तर ज्या मुलीला यातलं काहीच सांगितलेलं नसतं, तिचंही आयुष्य पणाला लागतं. खरं तर या चर्चेत तिचा विचार सर्वांत कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचं स्पष्ट केलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की कल बदलून देण्याचे 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. म्हणजे 'चार महिन्यांत सरळ करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. मनावरचा ताण असह्य होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.